जोन्स आमचा नव्हता

विल्सन जोन्सचं नाव मला फार आधीपासून माहीत होतं, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे पळवाट राहणार नाही. मी सुरतेतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवतो. ‘कोणत्याही खेळात वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय कोण?’ हा प्रश्न सामान्यज्ञानाच्या तासाला मी कितीतरी मुलांकडून घोकून घेतला आहे. उत्तर : विल्सन जोन्स, बिलियर्ड्स, १९५८, कलकत्ता. त्याचा जन्म पुण्यातला, हेही मला ठाऊक होतं. आणि तरीही शाळेच्या व्हरांड्यातल्या ‘आपले खेळाडू’ या फलकावर मी त्याचं नाव कधी लिहिलं नाही.

तो फलक माझ्याच हातचा. सगळ्यात वर खाशाबा जाधव, हेलसिंकी १९५२. त्याखाली सांगलीचे नंदू नाटेकर, परदेशातली बॅडमिंटन स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय. मग गावसकर, तेंडुलकर, कविता राऊत, राही सरनोबत. नवं नाव कानावर आलं की मी ते रंगवून वाढवत गेलो. सुरतेत जन्मलेल्या आमच्या मुलांना आपल्या मातीत कोण कोण होऊन गेलं ते कळावं, म्हणून हा सगळा खटाटोप. यात जोन्स का नाही असं कोणी विचारलं असतं, तर उत्तर तयार होतं : बिलियर्ड्स हा काही शाळेतल्या मुलांपुढे ठेवावा असा खेळ नाही. हे उत्तर मला स्वतःलाही खरं वाटत होतं. ते खरं नव्हतं. ते कळायला मला कतारगामच्या एका तळघरात उतरावं लागलं, आणि तिथेही ते कोणी मला समजावून सांगितलं नाही. माझ्याच तोंडून निघालं.

सुरतेतली बहुतेक मराठी वस्ती लिंबायत, उधना, डिंडोली या बाजूला आहे. कतारगाम हा सौराष्ट्रातून आलेल्या हिरेवाल्यांचा मुलूख. एके काळी इथली पापडी असल्याशिवाय सुरतेच्या उंधियोला चव येत नसे. आता त्या शेतांच्या जागी कारखाने आहेत आणि सकाळ-संध्याकाळ कतारगाम दरवाजापासून अमरोलीच्या पुलापर्यंत हिरे घासणाऱ्या रत्नकलाकारांच्या दुचाक्यांची रीघ लागलेली असते. वडील अमळनेरहून सुरतेला आले ते लूमवर कामाला. आयुष्यभर कापडाच्या धुळीत राहिले. मी शिकलो, मास्तर झालो आणि नोकरीला जवळ पडतं म्हणून कतारगामला राहायला आलो. ते घर मिळवतानाची एक गोष्ट आहे. ती पुढे सांगतो, कारण तिच्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

बिलियर्ड्सवरचा माझा राग घरातूनच आला. वडिलांच्या लेखी तो साहेबांचा खेळ. मोठ्या शहरातला जिमखाना, दारावर पगडीवाला, आत हिरवं टेबल आणि हातात पेला. हिंदी सिनेमांनी त्यात भर घातली. खलनायक कट शिजवायचा तो बऱ्याचदा बिलियर्ड्सच्या टेबलाशी वाकूनच. मग १९८१ साली बिलियर्ड्सपटू मायकेल फरेराने पद्मश्री नाकारली. गावसकरला पद्मभूषण दिलंत, मग मला पद्मश्री का, असा त्याचा सवाल होता. मी तेव्हा शाळेत होतो. वडील पेपर खाली ठेवून म्हणाले, “बघा, कोण कोणाशी बरोबरी करतंय!” आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. फरेरा मुंबईचा, मूळ गोव्याचा. १९७७ साली तो जगज्जेता झाला होता. १९७८च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने एका डावात, म्हणजे एकदाही न चुकता, ११४९ गुण केले होते; हजाराच्या वर जाणारा तो पहिला हौशी खेळाडू. यातलं आमच्या घरात कोणाला काही माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यावं असंही वाटलं नाही. माणूस गर्विष्ठ आहे, एवढं ठरवून आम्ही मोकळे झालो. १९८३ साली तो तिसऱ्यांदा जगज्जेता झाला आणि त्याच वर्षी सरकारने त्याला पद्मभूषण दिलं. त्या बातमीवर आमच्या घरी कोणी काही बोललं नाही.

पुढे सुरतेत पूल आणि स्नूकरचे पार्लर निघाले आणि माझ्या रागाला नवं कारण मिळालं. साहेबांचा खेळ आता टवाळांचा झाला होता. काळ्या काचा, सिगरेटचा धूर, हरेल त्याने टेबलाचं भाडं भरायचं, आणि त्याच्या आड आणखी काय काय. शाळेतला एखादा मुलगा अशा ठिकाणी दिसल्याचं कळलं की मी त्याच्या वडिलांना बोलावून घ्यायचो. याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. चौदा वर्षांच्या पोराने तिथे पैसे लावावेत असं मला अजूनही वाटत नाही. पण मी ज्या आवेशाने ते करायचो, तो आवेश मुलांच्या काळजीपेक्षा मोठा होता. तो कुठून येत होता हे मी कधी तपासलं नाही.

माझा भाचा, ताईचा धाकटा, अमळनेरहून माझ्याकडे राहायला आला तो कामासाठी. हिऱ्याच्या एका ऑफिसात तो प्लॅनिंग शिकतो. कच्चा हिरा मशिनीवर तपासून त्यातून जास्तीत जास्त वजन कसं काढायचं, कुठली खोट कुठे टाळायची, हे संगणकावर ठरवायचं. मुलगा शांत, डोक्याने चांगला. हिऱ्यात मंदी आली, कारखाने आठवड्यातले काही दिवस बंद राहू लागले, आणि त्याच्या संध्याकाळी मोकळ्या झाल्या. तो उशिरा यायला लागला. एकदा त्याच्या खिशातून क्यूच्या, म्हणजे बिलियर्ड्सच्या काठीच्या, टोकाला लावतात त्या निळ्या चॉकचा तुकडा पडला. मी काय ते ओळखलं.

मी त्याच्याशी बोललो नाही. सरळ ताईला फोन केला. “पोऱ्या हातचा चालला,” म्हणालो. ताई घाबरली. तिचे यजमान गेल्यापासून तिची सगळी भिस्त या मुलावर. तिने फोनवरच त्याला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली की त्या जागी पुन्हा पाऊल टाकणार नाही. तो “बरं आई” म्हणाला. माझ्याकडे त्याने नुसतं बघितलं. ती नजर मी तेव्हा अपराधी माणसाची समजलो. आज वाटतं, त्याला मी चुगलखोर वाटलो असणार, आणि त्यात काही गैर नव्हतं.

काही आठवडे गेले. मग एका संध्याकाळी शेजारच्या पोराने सांगितलं की तो वेड रोडकडच्या एका कॉम्प्लेक्सच्या तळघरात आहे. आईच्या गळ्याची शपथ मोडली! मी चप्पल घालून तसाच निघालो. वाटेत काय काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. आवाज चढवायचा, सगळ्यांदेखत दंडाला धरून बाहेर काढायचं, असं ठरलेलं.

पायऱ्या उतरून आत गेलो तर पुढच्या भागात मला हवं तेच सगळं होतं. लहान पूल टेबलं, त्यांच्याभोवती कॉलेजची पोरं, मोबाईलवर गाणी, आरडाओरडा. भाचा तिथे नव्हता. मागच्या बाजूला, पडद्यापलीकडे, एकच मोठं टेबल होतं. बारा फूट लांब, सहा फूट रुंद. त्यावर फक्त तीन बॉल : एक पांढरा, एक पिवळा, एक लाल. वरून दिव्यांचा उजेड टेबलापुरता पडलेला. भाचा वाकलेला होता, हनुवटी क्यूला जवळजवळ टेकलेली. बाजूला सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ उभे होते, अंगात साधा बुशशर्ट. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, मी कोण ते विचारलं नाही, नुसतं म्हणाले, “बेसो.” माझ्या चढलेल्या आवाजासाठी तिथे जागाच नव्हती. मी बाकड्यावर बसलो.

भाचा एकच फटका पुन्हा पुन्हा मारत होता. टेबलाच्या एका टोकाला रेघ आखलेली असते, तिला लागून अर्धवर्तुळ. त्यातून पांढरा बॉल मारायचा. तो टेबलाच्या मधल्या भागात ठेवलेल्या लालला लागून मधल्या पॉकेटात जायचा. पूलमध्ये आपला बॉल पॉकेटात गेला की चूक धरतात. बिलियर्ड्समध्ये तेच तीन गुण. याला इन-ऑफ म्हणतात. पहिल्यांदा बॉल आत गेला तेव्हा मी मनात म्हटलं, जमलं. गृहस्थांनी मात्र मान हलवली. पुन्हा. पुन्हा आत गेला, पुन्हा मान हलली. मला कळेना. मग लक्षात आलं की पांढरा बॉल आत गेला की नाही हे ते पाहतच नव्हते. त्यांची नजर लालवर होती. लाल बॉल वरच्या कुशनला आपटून परत येत होता, आणि तो पुन्हा जिथून निघाला तिथेच येऊन थांबायला हवा होता. तसा थांबला तर तोच फटका पुन्हा मारता येतो, पुन्हा तीन गुण, पुन्हा तोच फटका. थोडा पुढे-मागे थांबला तर गुण मिळाले तरी पुढची वाट बंद. दर वेळी लाल थांबला की ते वाकून, तो जिथे यायला हवा होता तिथे बोट ठेवत. “अहीं.” इथे. त्याहून जास्त काही बोलत नव्हते.

मी आयुष्यभर वर्गात शिकवलं आहे. शिकवणं कसं असतं ते मला ओळखू येतं. एका फटक्यानंतर त्यांनी भाच्याच्या उजव्या कोपराला मागून दोन बोटं लावली आणि कोपर शरीराजवळ आणलं. पुढचा फटका वेगळा गेला, त्यांनी पुन्हा बोटं लावली. रागावले नाहीत, शाबासकी दिली नाही. आमच्या शाळेत इतक्या धीराने मुलाचं अक्षर सुधारणारा कोणी मला आठवत नाही. मी स्वतःही नाही. भाचाही चिडत नव्हता. घरी एक काम दोनदा सांगितलं की तोंड करणारा हा मुलगा एकाच रेघेवर तासभर उभा होता. नंतर त्याने मला सांगितलं, “मामा, हे हिऱ्यासारखंच आहे. पहिला कट चांगला आला म्हणून खूश व्हायचं नसतं. त्याने पुढच्या कटाला जागा ठेवली का, ते बघायचं.”

सराव संपल्यावर गृहस्थांनी लांब दांड्याचा ब्रश घेतला आणि रेघेच्या टोकापासून वरच्या टोकाकडे, एकाच दिशेने टेबल झाडायला लागले. मी उठून जवळ गेलो. कापडाला हात लावला. हे माझ्या घरचं. लोकरीचं कापड, त्यावर बारीक लव, आणि सगळी लव एकाच बाजूला बसवलेली. वडील लहानपणी माझा हात कापडावर फिरवून विचारायचे, सुलट कुठली, उलट कुठली. मी बोट उलटं फिरवलं तर लव उभी राहिली. त्यांनी ते पाहिलं आणि पहिल्यांदाच हसले. म्हणाले, बॉल हळू मारला की तो ही लव मानतो, तिच्या कलाने सरकतो. लवेच्या दिशेने मारताना एक हिशेब, उलट मारताना दुसरा. मग सांगितलं की तरुणपणी ते मुंबईच्या एका क्लबात मार्कर होते, म्हणजे टेबल झाडायचं, गुण लिहायचे, साहेब एकटे असले तर त्यांच्याशी खेळायचं. तिथेच शिकले. गाव भावनगरकडचं. मुलं हिऱ्यात आली म्हणून तेही सुरतेला आले.

आणि मग त्यांनी सहज विचारलं, “तमे मराठी ने? तो तो विल्सन जोन्स तमारा कहेवाय.” तुम्ही मराठी ना? मग विल्सन जोन्स तुमचाच म्हणायचा.

मी म्हणालो, “ए अमारा नथी.” तो आमचा नाही.

इतकंच. विचार करून बोललो नव्हतो. जीभ आपोआप वळली. ते ब्रश थांबवून म्हणाले, “केम? पुनाना तो हता ने.” त्यांच्या विचारण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं, पुण्यात जन्मलेला माणूस मराठी माणसांचा का नसावा. माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाचा क्यू पुसत होता, तो थांबला.

आता ती घराची गोष्ट. कतारगामला मी जागा बघत होतो तेव्हा एका सोसायटीत सगळं ठरत आलं होतं. बयाण्याचे पैसे खिशात होते. जिन्यात उभा होतो आणि वरच्या मजल्यावर दोघं बोलत होते, मला ऐकू जावं असं नव्हे, पण गेलं : “माणस सारा छे, पण ए आपणा नथी.” माणूस चांगला आहे, पण तो आपला नाही. मी जन्मलो सुरतेत. माझं गुजराती त्यांच्याइतकंच चांगलं. लहानपणी उत्तरायणाला मी सुरतेच्याच आभाळात पतंग उडवले. वडिलांनी आयुष्याचं कापड इथे विणलं. तरी माझं आडनाव ऐकून जिन्यात निकाल लागला. ते घर मला मिळालं नाही, दुसरीकडे मिळालं. पण ते वाक्य मी विसरलो नाही. मित्रांमध्ये, शिक्षकांच्या खोलीत, बायकोजवळ मी ते किती वेळा बोलून दाखवलं असेल. आपल्यावर अन्याय झाला याचा तो माझा पुरावा होता.

आणि त्या तळघरात तेच वाक्य, त्याच भाषेत, माझ्या तोंडून निघालं. ज्याला मी कधी भेटलो नाही, ज्याने माझं काही वाकडं केलं नाही, त्याचं आडनाव ऐकून.

बिलियर्ड्स वाईट, म्हणून जोन्स फलकावर नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. उलटं होतं. जोन्स आमचा वाटत नव्हता, म्हणून बिलियर्ड्स वाईट ठरवायला मला जड गेलं नाही. समजा, त्याचं नाव विष्णू जोशी असतं. पुण्यात जन्मलेला विष्णू जोशी १९५८ साली बिलियर्ड्सचा जगज्जेता झाला असता, तर मी फलकावर ते नाव खाशाबांच्या शेजारी रंगवलं असतं आणि बिलियर्ड्स हा एकाग्रतेचा खेळ आहे असं मुलांना सांगितलं असतं. याबद्दल मला जराही शंका नाही. फरेराच्या बाबतीतही तेच. गावसकर आमचा, म्हणून त्याच्याशी बरोबरी मागणारा गर्विष्ठ.

त्या रात्री मी भाच्याला काही बोललो नाही. दोघं चालत घरी आलो. घराजवळ आल्यावर तोच म्हणाला, “मामा, मी शपथ मोडली.” मी म्हटलं, “ती मी घालायला लावली होती.”

नंतर मी जोन्सबद्दल मिळेल ते वाचलं. जन्म २ मे १९२२, पुणे. अँग्लो-इंडियन घर. बिलियर्ड्सचं राष्ट्रीय विजेतेपद बारा वेळा, स्नूकरचं पाच वेळा. बारा वेळा! ही स्पर्धा वर्षातून एकदा होते. म्हणजे १९५० ते १९६६ या काळात बहुतेक वर्षी देशात त्याच्यापुढे कोणी नव्हतं. १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी विजेतेपद, १९६४ साली न्यूझीलंडमध्ये पुन्हा. ते १९५८ साल आपल्याला कशासाठी आठवतं? कार्डिफला मिल्खा सिंगांनी राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं त्यासाठी. ते आठवायलाच हवं. पण त्याच वर्षी आपल्या पुण्याचा एक माणूस जगात पहिला आला, हे मी मुलांना एका ओळीचं उत्तर म्हणून पाठ करायला दिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो. १९६५ साली त्याला पद्मश्री मिळाली. सरकारने त्याची दखल घेतली होती. मी घेतली नाही.

खाशाबांना पद्म पुरस्कार मिळाला नाही, अर्जुन मिळाला तोही मृत्यूनंतर, हे मी दर वर्षी व्हरांड्यात उभं राहून मुलांना सांगतो. सांगताना गळा भरून येतो. ते दुःख खोटं नाही. पण विस्मरणावर इतकं बोलणारा माणूस स्वतः किती सहज दुसऱ्याला विसरू शकतो, हे मी माझ्यात पाहिलं आणि ते पाहताना फार लाज वाटली.

जोन्सची मला सगळ्यात भिडलेली गोष्ट विजेतेपदांची नाही. साठचं दशक संपता संपता तो स्पर्धांमधून बाजूला झाला आणि शिकवू लागला. द्रोणाचार्य पुरस्कार त्याला मिळाला १९९६ साली. म्हणजे जवळपास तीन दशकं मध्ये गेली. तो खेळला तेव्हाचं बिलियर्ड्स हौशी होतं, जिंकलं तरी पैसा नाही. आणि शिकवणाऱ्याला तर टाळ्याही नाहीत. त्या खेळात एक जण ब्रेक करत, म्हणजे न चुकता गुण घेत, असताना दुसऱ्याला खुर्चीत बसून बघत राहावं लागतं, अर्धा तास, एक तास, काही करता येत नाही. शिकवणारा तर कायमचाच खुर्चीत बसलेला. बारा वेळा देशात पहिला आलेला माणूस दुसऱ्याचं कोपर सरळ करत उभा राहतो, याला काय लागतं ते मास्तर म्हणून मला कळायला हवं होतं. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत हा खेळ पहिल्यांदा आला आणि अशोक शांडिल्य व गीत सेठी यांनी दुहेरीचं सुवर्ण आणलं, एकेरीचंही शांडिल्यकडेच गेलं. ते पाहायला जोन्स हयात होता. ५ ऑक्टोबर २००३ रोजी तो मुंबईत वारला. क्रिकेट क्लब ऑफ इंडियातल्या बिलियर्ड्सच्या दालनाला त्याचं नाव आहे. आणि पंकज अडवाणी, ज्याच्या नावावर दोन डझनांहून जास्त जागतिक किताब आहेत, तोही पुण्यातच जन्मला. तोही माझ्या फलकावर नव्हता. का, ते आता वेगळं सांगायला नको.

गीत सेठीचं नाव त्या तळघरात रोज निघतं. जन्म दिल्लीचा, आडनाव पंजाबी, वाढला अहमदाबादेत. १९८५ साली दिल्लीच्या जागतिक अंतिम सामन्यात पंचाहत्तरीच्या बॉब मार्शलशी तो आठ तास खेळला आणि जिंकला. १९९२ साली व्यावसायिक जागतिक स्पर्धेत त्याने १२७६ गुणांचा ब्रेक केला. ते मार्कर गृहस्थ ‘आपणो गीत’ असं म्हणतात. त्यात कसलाही अडखळा नसतो. मला घर नाकारणारेही याच शहरातले आणि हेही याच शहरातले. मी मात्र एका जिन्यातल्या वाक्यावरून सगळ्यांचा हिशेब करून ठेवला होता, आणि तसाच हिशेब जोन्सला लावला होता.

फलकावर मी आता जोन्स आणि अडवाणी ही दोन्ही नावं लिहिली आहेत. एका सहकाऱ्याने विचारलं, “सर, हे आपल्यात कसे?” मी म्हटलं, “पुण्यात जन्मले.” तो गप्प बसला, पण पटलं नाही हे दिसलं. मी वाद वाढवला नाही. मलाच पटायला किती वर्षं लागली. फलकाचं शीर्षक मात्र मला आता खुपतं. ‘आपले’ म्हणताना कोणाला आत घेतलं आणि कोणाला बाहेर ठेवलं हे मीच एकट्याने ठरवत आलो, आणि शेकडो मुलं ते वाचत मोठी झाली. ती मुलं आता कुठे कुठे आहेत. ते मला पुसता येत नाही.

काळजी पूर्ण गेली आहे असं नाही. पुढच्या टेबलांवर पैसे लागतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. भाच्याला मी तसं स्पष्ट सांगितलं, आणि त्याने ते ऐकून घेतलं. आम्ही दोघं आता याविषयी बोलू शकतो, हेच आधी होत नव्हतं.

राहिली होती ताई. तिला मीच घाबरवलं होतं, तेव्हा तिला सांगायचं कामही माझंच. फोन हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. मग सगळं सांगितलं : मी न बघता बोललो, मुलगा वाया गेलेला नाही, तिथे एक म्हातारे गृहस्थ त्याला मन लावून शिकवतात, शपथ सोडव. ती ऐकत होती. मग म्हणाली, “त्यात पैसे मिळतात का रे?”

“नाही,” मी म्हणालो. “जोन्सलाही मिळाले नाहीत.”

“कोण जोन्स?”

“पुण्याचा एक जण. नंतर सांगतो.”

“रात्री घरी किती वाजता येतो?”

“साडेनऊला.”

“जेवतो का घरी?”

“जेवतो. माझ्याबरोबर बसून जेवतो.”

“मग जाऊ दे,” ताई म्हणाली. “आणि दे त्याला फोन. शपथ मी घातली होती, सोडवीन पण मीच.”